ढोलाचा कोरडा ठोका

पाश्चात्य रॉक संगीताच्या ज्या ध्वनिमुद्रिका १९६६ ते १९७९ या काळांत इंग्लंड व अमेरिकेंत निघाल्या, त्यांपैकीं कित्येकींत ढोलांचा आवाज एका विशिष्ट प्रकारचा आढळतो. टोला पडतो, तो छातीवर बसल्यासारखा वाटतो, आणि पडतो न पडतो तोंच संपतो. देवळाच्या सभामंडपांत किंवा रिकाम्या दिवाणखान्यांत टाळी वाजविली असतां जो निनाद मागें रेंगाळतो, त्याचा येथें लेशही नसतो. वादक जणूं ऐकणाऱ्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर बसला आहे असा भास होतो. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांतील लोक या आवाजास कोरडा म्हणतात, आणि तो नुसता कोरडा नसून ठोसेदारही असावा अशी त्यांची अपेक्षा असते. बीटल्स या इंग्रज चौकडीचें १९६९ मधील 'कम टुगेदर' हें गाणें ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं तें केवळ ढोलाकडे कान देऊन पुन्हां एकदां ऐकावें, म्हणजे या वर्णनाची खूण पटेल.

असा आवाज यंत्रावरील एखादें बटण फिरविल्यानें निघत असावा, असा सामान्य समज आहे. तो बहुतांशीं खोटा आहे. यंत्राला काम आहे खरें, परंतु तें शेवटचें. ढोलाचें कातडें, खोलीच्या भिंती, मायक्रोफोनचें अंतर आणि वादकाचा हात यांची व्यवस्था आधीं लागलेली नसेल, तर यंत्र मदत करण्याऐवजीं उलट अपाय करतें. हा अपाय कसा होतो तें पुढें येईलच.

प्रथम वाद्याची ओळख करून घेणें बरें. रॉक संगीतांत वाजतो तो एक ढोल नव्हे. ती ढोलांची व झांजांची एक मांडणीच असते, आणि एकच मनुष्य दोन्ही हात व दोन्ही पाय चालवून ती वाजवितो. जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा बेस ड्रम असतो, व उजव्या पायानें पट्टी दाबली कीं तिला जोडलेली मोगरी त्याच्या कातड्यावर आदळते. वादकाच्या गुडघ्यांपाशीं स्नेअर नांवाचा उथळ ढोल असतो. त्याच्या खालच्या कातड्याला तारांची जाळी चिकटलेली असल्यामुळें त्याचा आवाज ताशासारखा तडतडीत होतो. याशिवाय दोन-तीन टॉम, डाव्या पायानें मिटावयाची हाय-हॅट ही झांजांची जोडी, आणि उभ्या दांड्यांवर बसविलेल्या मोठ्या झांजा. एवढा सगळा संसार एकाच वेळीं बोलत असतो, आणि ध्वनिमुद्रकाला त्यांतील प्रत्येकाचें बोलणें वेगळें ऐकूं यावयास हवें असतें.

आतां ढोल वाजल्यावर रेंगाळतो कां, याचें कारण त्याच्या गोल कातड्यांत आहे. सतारीची तार छेडली असतां तिच्यांतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे उपस्वर निघतात, व ते कानाला एकजीव वाटतात. गोल ताणलेल्या कातड्याचें तसें नाहीं. त्याचे उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशा अडनिड्या प्रमाणांत पडतात. ते परस्परांशीं जुळत नाहींत, आणि म्हणून साध्या ढोलाच्या शेपटींत एक प्रकारचा बेसूर कणसूर राहतो. आपल्याकडील मृदंग व तबला बनविणाऱ्या कारागिरांनीं हा दोष स्याही चढवून कसा घालविला आणि त्या कातड्याचे उपस्वर तारेप्रमाणें सरळ प्रमाणांत कसे आणले, याचें शास्त्रीय विवेचन चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२० सालीं व पुन्हां १९३४ सालीं प्रसिद्ध केलें. पाश्चात्य ढोलास स्याही नाहीं. तेथें उपस्वर सुधारण्याचा मार्ग नसल्यामुळें ते दाबून टाकणें एवढाच उपाय उरतो.

दाबण्याचें साधन अगदीं घरगुती आहे. १९६९ च्या जानेवारींत बीटल्स मंडळींच्या तालमींचें जें चित्रण झालें, त्यांत रिंगो स्टार यांच्या ढोलांवर भांडीं पुसण्याचीं फडकीं पसरलेलीं स्पष्ट दिसतात. फडक्याचें वजन थोडें, पण तें कातड्याच्या कडेकडेच्या कंपनांना लवकर थोपवितें. मूळ धक्का मात्र जवळजवळ तसाच राहतो. कित्येक वादक फडक्याऐवजीं आपलें पैशाचें पाकीट स्नेअरवर ठेवीत, कोणी कापसाचा बोळा चिकटपट्टीनें कडेला लावीत. बेस ड्रमचें पुढचें कातडें काढून आंत उशी किंवा घोंगडी घालण्याची चाल तर सर्वत्र पडली. १९७० नंतर टॉमचें खालचें कातडेंच काढून टाकूं लागले. दोन कातडीं एकमेकांना झुलवीत ठेवतात, तो झुलावा त्यामुळें बंद झाला.

कातड्याची जातही येथें विचारांत घ्यावी लागते. १९५७ च्या सुमारापर्यंत हें कातडें वासराचें असे. हवा दमट झाली कीं तें सैल पडे, कोरडी झाली कीं ताणलें जाई, व वादकाला सारखी ओढाताण करावी लागे. पुढें पॉलिएस्टरचा पातळ पडदा आला आणि ही कटकट संपली. पण नवा पडदा चकचकीत व कणखर आवाजाचा, तर जुनें कातडें मऊ व थोडें मुकें. म्हणून 'अॅबी रोड' या १९६९ च्या ध्वनिमुद्रिकेसाठीं रिंगो स्टार यांनीं आपल्या टॉमवर मुद्दाम वासराचीं कातडीं वापरलीं. सोयीची वस्तु मिळाल्यावरही गैरसोयीची वस्तु आवाजासाठीं परत आणणें हें कारागिराचें लक्षण होय.

फडकें किती जाड असावें, याला कोष्टक नाहीं. एक घडी अधिक झाली कीं ढोलाचा आवाज पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा होतो. ठोका कोरडा होतो, पण ठोसा जातो. ठोशाला थोडें शरीर हवें, म्हणजे मूळ स्वराचा दहावा-पांचवा भाग सेकंद तरी टिकाव हवा. नवशिके ध्वनिमुद्रक येथें हटकून चुकतात, कारण कोरडेपणा कानाला लगेच कळतो आणि गेलेलें शरीर गाण्यांत इतर वाद्यें मिळाल्यावरच कळतें.

कातड्यानंतर खोली. १८९५ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयांत एक नवें व्याख्यानगृह तयार झालें, आणि त्यांत व्याख्याता काय बोलतो तें कोणासच समजेना. उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद तेथें फिरत राही आणि तेवढ्या अवधींत पुढचे दहा-पंधरा शब्द त्यावर चढत. विद्यापीठानें हें दुखणें वॉलेस सॅबिन या तरुण पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाकडे सोपविलें. सॅबिन यांच्यापाशीं आवाज मोजण्याचें यंत्र नव्हतें. होता तो ऑर्गनचा एक नळा, एक वेळ मोजण्याचें घड्याळ आणि स्वतःचा कान. जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींवरच्या गाद्या ते रात्रीं आणवीत, त्या थोड्या थोड्या करून व्याख्यानगृहांत मांडीत, प्रत्येक वेळीं नळा वाजवून निनाद किती टिकतो तें मोजीत, आणि सकाळपूर्वीं गाद्या जागच्या जागीं पोंचवीत. रस्त्यावरची वर्दळ थांबल्याशिवाय मोजमाप शक्य नसल्यामुळें सगळें काम मध्यरात्रीनंतरचें. या जागरणांतून जो नियम निघाला, तो आजही प्रत्येक ध्वनिमुद्रणगृहाच्या बांधणींत वापरतात.

नियम सोपा आहे. खोलीचें घनफळ घनमीटरांत घेऊन त्यास ०.१६१ नें गुणावें व खोलींतील सर्व पृष्ठभागांच्या एकूण शोषणानें भागावें. आवाज दशलक्षांशावर उतरण्यास किती सेकंद लागतील तें कळतें. पांच मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी साधी खोली घेतली तर घनफळ ६० घनमीटर व सर्व पृष्ठभाग मिळून ९४ चौरस मीटर होतात. शहरांतील घरांप्रमाणें भिंतींना गिलावा व खालीं फरशी असेल, तर पृष्ठभाग आवाजाचा वीसांवा भागच शोषतात असें धरतां येईल. निनाद सुमारें दोन सेकंद टिकेल. तीच खोली गाद्या, जाड पडदे व लोकरीचे थर यांनीं अशी मढविली कीं शोषण शेंकडा चाळीसवर जावें, तर निनाद पाव सेकंदावर येतो. कोरड्या ढोलाला हा दुसरा आंकडा हवा.

परंतु मढविण्यांत एक खोंच आहे. सेकंदास १००० कंपनांचा स्वर घेतला तर त्याच्या लाटेची लांबी ३४ सेंटिमीटर. १०० कंपनांच्या स्वराची जवळजवळ साडेतीन मीटर. लाटेला चांगलें थोपविण्यास तिच्या चतुर्थांशाएवढी खोली शोषक थराला लागते. म्हणजे वरच्या स्वरासाठीं नऊ सेंटिमीटर पुरतात, खालच्यासाठीं ८६ सेंटिमीटर पाहिजेत. भिंतीवर पातळ सतरंजी टांगली किंवा अंडीं ठेवण्याचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटविले (ही खूळ अद्याप गेलेली नाहीं) तर झांजांची झिळई तेवढी जाते, आणि बेस ड्रमचा घुमारा भिंतींतून भिंतींत हेलकावत राहतो. आवाज कोरडा न होतां कोंदट होतो. लोकरीचा जाड थर भिंतीपासून थोडा सोडून उभारणें व खोलीच्या कोपऱ्यांत अधिक भरणें हा खरा उपाय. छतही विसरूं नये, कारण ढोलांच्या सर्वांत जवळचा मोठा पृष्ठभाग बहुधा तेंच असतें.

खोली कितीही मढविली तरी थोडी बोलतेच. तिच्या बोलण्यावर मात करण्याची युक्ति म्हणजे मायक्रोफोन वाद्याजवळ नेणें. उगमापासूनचें अंतर निम्में केलें कीं सरळ येणारा आवाज सहा डेसिबेलांनीं वाढतो. खोलींतला निनाद मात्र सर्वत्र जवळपास सारखाच असतो. दोन फुटांवरचा मायक्रोफोन तीन इंचांवर आणला तर अंतर तीनदां निम्में झालें, म्हणजे सरळ आवाजाला अठरा डेसिबेलांची आघाडी मिळाली. मोठ्या कातड्याच्या अगदीं निकट हा हिशेब तंतोतंत जुळत नाहीं, तरी दिशा तीच राहते. शिवाय एकाच दिशेनें ऐकणारा मायक्रोफोन उगमाजवळ गेला कीं खालचे स्वर वाढवून देतो. हाही ठोशाला लाभच.

एवढी साधी गोष्ट १९६६ पर्यंत लंडनमधील अॅबी रोडवरच्या ई. एम. आय. कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत करण्याची सोय नव्हती. १९३१ सालीं एडवर्ड एल्गार या नामवंत संगीतरचनाकाराच्या हस्तें सुरू झालेलें हें गृह मुख्यतः वाद्यवृंदासाठीं बांधलेलें, आणि तेथील शिस्त सरकारी कचेरीसारखी. यंत्रें सांभाळणारे नोकर पांढरे डगले घालून वावरत. बेस ड्रमसमोर मायक्रोफोन ठेवावयाचा तर तो सुमारें दोन फूट दूर असावा, असा नियम होता. नियमामागें कारण नव्हतें असें नाहीं: बेस ड्रममधून प्रत्येक ठोक्याला हवेचा झोत बाहेर पडतो, आणि त्यानें मायक्रोफोनच्या नाजूक पडद्याला इजा होईल ही धास्ती होती. मायक्रोफोन महाग, कंपनीची मालमत्ता, आणि तो बिघडला तर जबाब देण्याची पाळी हाताळणाऱ्यावर.

त्या वर्षीं ६ एप्रिल रोजीं बीटल्सचें 'टुमॉरो नेव्हर नोज' हें गाणें मुद्रित करण्यास आरंभ झाला. निर्माते जॉर्ज मार्टिन, आणि बीटल्सच्या मुख्य ध्वनिमुद्रकाच्या खुर्चीवर प्रथमच बसलेले जॉफ एमरिक. त्यांनीं नुकतींच विसावीं वर्षें ओलांडलीं होतीं. गाण्यांत जवळजवळ सारा वेळ एकच स्वरसंघ चालू राहतो. त्यामुळें गाण्याला पुढें रेटण्याचें ओझें ढोलांवर पडलें होतें, आणि दोन फुटांवरून ऐकलेला ढोल तें ओझें पेलेना. एमरिक यांनीं मायक्रोफोन बेस ड्रमच्या अगदीं जवळ, कांहीं इंचांवर, नेला. जवळ नेल्यावर कातड्याची घणघण अधिकच ऐकूं येऊं लागली. तेव्हां तेथें पडलेला एक लोकरी स्वेटर त्यांनीं ढोलांत कोंबला. हा स्वेटरही और होता. चौघांनीं एकदम घालून छायाचित्र काढावें म्हणून त्याला चार गळे विणलेले होते. थंडीसाठीं किंवा छायाचित्रासाठीं त्याचा जो उपयोग झाला असेल तो असो. ढोलांतला उपयोग मात्र ध्वनिमुद्रणाच्या इतिहासांत नोंदला गेला.

नियमभंग वरिष्ठांच्या कानीं गेलाच. नोकरी ताजी, वय कोवळें, आणि कंपनीची शिस्त कडक. प्रकरण वेगळ्या वळणावर जाऊं शकलें असतें. पण समोर बीटल्स होते, आणि त्यांना तो आवाज हवा होता. अखेर त्यांच्या ध्वनिमुद्रणापुरती बेस ड्रमजवळ मायक्रोफोन नेण्याची मुभा एमरिक यांना लेखी मिळाली. इतरांना नियम तसाच राहिला! मायक्रोफोन कांहीं फुटले नाहींत, आणि आज बेस ड्रमच्या आंत मायक्रोफोन घालून ठेवणें ही जगभरची नित्याची रीत आहे.

प्रत्येक ढोलाजवळ एकेक मायक्रोफोन नेला कीं दुसरी अडचण उभी राहते. स्नेअरवर पडलेला एकच ठोका चार ठिकाणीं, चार निरनिराळ्या क्षणीं पोंचतो. स्नेअरचें शरीर सेकंदास २०० कंपनांच्या आसपास असतें, म्हणजे लाट १७० सेंटिमीटरांची. एक मायक्रोफोन दुसऱ्यापेक्षां ८५ सेंटिमीटर दूर असेल तर एकाच्या लाटेची उंची दुसऱ्याच्या खळग्यावर बसते, व दोन्ही आवाज एकत्र केल्यावर नेमकें तें शरीरच नाहींसें होतें. प्रत्येक मायक्रोफोन सुटा ऐकला तर उत्तम, सर्व मिळून ऐकले तर पोकळ: असा चमत्कार दिसला कीं मुद्दा हाच समजावा. ग्लिन जॉन्स या इंग्रज ध्वनिमुद्रकांनीं यावर जी रीत रूढ केली तिला हत्यार म्हणून एक दोरी पुरते. १९६८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक ध्वनिमुद्रणगृहांत लेड झेपेलिन या मंडळींची पहिली ध्वनिमुद्रिका करतांना ती त्यांना अभावितपणें सांपडली. एक मायक्रोफोन स्नेअरच्या वर तीन-साडेतीन फुटांवर, दुसरा वादकाच्या उजवीकडे जमिनीवरच्या टॉमपलीकडून आडवा पाहणारा. दोन्हींचें स्नेअरच्या मध्यापासूनचें अंतर दोरीनें मोजून सारखें करावयाचें. तिसरा बेस ड्रमसमोर. लागला तर चौथा स्नेअरजवळ. संपूर्ण वाद्यसंच एवढ्यांत मावतो. स्नेअरच्या वरून व खालून असे दोन मायक्रोफोन लावणाऱ्यांनीं खालच्याची विजेची दिशा उलटी करावी; कारण ठोका पडल्यावर कातडें वरच्यापासून दूर जातें तेव्हां खालच्याकडे येत असतें.

आतां यंत्र. या आवाजासाठीं जें यंत्र मुख्यतः लागतें त्यास लिमिटर म्हणतात. कोणी दक्ष मनुष्य आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसला आहे, आवाज ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं तो खालीं ओढतो आणि ओसरला कीं पुन्हां सोडतो, अशी कल्पना केली म्हणजे त्याचें काम समजेल. एमरिक वापरीत तें फेअरचाइल्ड ६६० हें अमेरिकन बनावटीचें व्हॉल्व्हचें यंत्र सेकंदाच्या पांच हजारांव्या भागांत आवाज पकडूं शके. यंत्र असें झटपट असेल तर ठोक्याचें टोंक बोथट होतें आणि मागचा भाग फुगून पुढें येतो. झांजा आंत ओढल्यासारख्या ऐकूं येतात. उलट यंत्रास वीस-तीस सहस्रांश सेकंद उशीर करावयास लावला तर ठोक्याचा पहिला धक्का अडथळ्यावांचून निसटतो व मागचा भाग दाबला जातो. ज्यास ठोसा म्हणतात तो बहुतांशीं या दुसऱ्या व्यवस्थेचा.

आणि येथेंच मघां म्हटलेला अपाय होतो. समजा, खोलीचा निनाद ठोक्यापेक्षां ३० डेसिबेलांनीं खालीं आहे. कान त्याकडे लक्ष देत नाहीं. लिमिटरनें ठोक्याचे १२ डेसिबेल छाटले, आणि मग सगळ्याच आवाजाची पातळी १२ डेसिबेलांनीं वर उचलली. ठोका होता तेथें आला, निनाद मात्र आतां अवघा १८ डेसिबेल खालीं आहे, आणि स्पष्ट ऐकूं येतो. झांजांची किणकिण, वादकाच्या खुर्चीची करकर, सारेंच वर येतें. घुमणाऱ्या खोलींत मुद्रित केलेला ढोल लिमिटरमध्यें घातला कीं तो अधिक ओला होतो. कोरडेपणा आधीं, दाब मागाहून, हा क्रम उलटतां येत नाहीं.

घुमारा हा दोषच आहे असें मात्र नव्हे. ग्लिन जॉन्स यांचे धाकटे बंधु अँडी जॉन्स यांनीं लेड झेपेलिनच्याच 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्यासाठीं हँपशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूंत जॉन बॉनहॅम यांचे ढोल जिन्याखालच्या दालनांत मांडले व दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळींत सोडले. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेला तो आवाज कोरड्याच्या अगदीं उलट टोंकाचा, आणि तितकाच थोर. बॉनहॅम यांचें गाणें संथ, ठोक्याठोक्यांत मोकळी जागा मोठी. घुमाऱ्याला पसरावयास अवकाश होता. जेथें गिटारी दाट विणलेल्या असतात व गायक ओळीमागून ओळ म्हणत असतो, तेथें तोच घुमारा चिखल करतो. पुढें १९७९ सालीं लंडनच्या टाउनहाउस ध्वनिमुद्रणगृहांत पीटर गॅब्रिएल यांच्या गाण्यासाठीं फिल कॉलिन्स यांचे ढोल मुद्रित करतांना ह्यू पॅजम यांनीं भला मोठा घुमारा घेऊन तो विजेच्या दारानें मध्येंच कापून टाकण्याची तऱ्हा काढली. ती इतकी लोकप्रिय झाली कीं पुढचीं दहा वर्षें कोरडा ढोल जुनाट मानला गेला. त्या दहा वर्षांतील पुष्कळ ध्वनिमुद्रिका आज ऐकवत नाहींत, त्याला हें एक कारण आहे.

कोरड्या आवाजाची खरी किंमत वादक देतो. न्हाणीघरांत गाणाऱ्याला स्वतःचा गळा गोड वाटतो; निनाद स्वरांच्या कडा झांकतो. ढोलाच्या मागचा निनाद काढून घेतला कीं प्रत्येक ठोक्याची उंची व वेळ उघडी पडते. दोन ठोके सारख्या जोराचे नसले, किंवा बेस ड्रम आणि बेस गिटार यांत सेकंदाच्या तिसांव्या भागाचें अंतर पडलें, तर तें सामान्य कानालाही खटकतें. फडकें पसरलेल्या कातड्यावरून काठी उसळून परत येत नाहीं, ती मनगटानें उचलावी लागते, म्हणून जलद बोल कष्टाचे होतात. वाजविणाऱ्याला आपल्याच वाद्याकडून उत्तर मिळत नाहीं, आणि उत्साह टिकविणें कठीण जातें. शिवाय ठोका कातड्याच्या मध्यावर पडला पाहिजे. मध्यावरचा आघात मूळ स्वराला बळ देतो, कडेकडचा आघात बेसूर उपस्वरांना जागें करतो. ढोल जोरानें व झांजा हलक्या हातानें वाजवाव्या लागतात, कारण लिमिटर झांजांचीच बाजू घेतो. बहुतेकांचा नैसर्गिक हात याच्या नेमका उलटा असतो. रिंगो स्टार डावखुरे असून उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवितात; त्यामुळें त्यांची टॉमवरची चाल इतरांहून वेगळ्या वळणानें जाते, आणि ती लकब त्या कोरड्या आवाजांत जितकी स्वच्छ दिसते तितकी घुमाऱ्यांत दिसली नसती. आजकाल संगणकांत तयार ठोक्यांचे संग्रह मिळतात व त्यांत फडक्याखालचा टॉमही विकत घेतां येतो. ठोका मिळतो, हा हात मिळत नाहीं.

एक शेवटची अडचण घराघरांतली आहे. बेस ड्रमचा मूळ स्वर सेकंदास साठ कंपनांच्या आसपास असतो, आणि लहान रेडिओचा, मोटारीचा किंवा हल्लींच्या हातांतल्या फोनचा स्पीकर तो स्वर काढूंच शकत नाहीं. तरी ऐकणाऱ्यास ढोल ऐकूं येतो, कारण वरचे उपस्वर मिळाले कीं खालचा स्वर कान आपल्या पदरचा पुरवितो. हे उपस्वर मिळावेत म्हणून पुष्कळ वादक मोगरीचें मऊ नमद्याचें डोकें काढून लांकडी बसवितात. तिची टकटक दोन ते चार हजार कंपनांत पडते व लहान स्पीकरमधूनही बाहेर येते. १९७० नंतरच्या ध्वनिमुद्रणगृहांत मोठमोठ्या स्पीकरांशेजारीं ऑराटोन नांवाची वीतभर चौकोनी पेटी मुद्दाम ठेवलेली असे. मोठ्या स्पीकरवर छाती दणाणून गेली तरी ध्वनिमुद्रक ती पेटी लावून पुन्हां ऐकत, आणि तींत बेस ड्रम हरवला असेल तर वादकाला परत आंत बोलावून मोगरी बदलावयास सांगत.